इमारतीचे वेळापत्रक आणि माणसाचा दिवस

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांना आखाताची वाट नवी नाही. आजोबांच्या पिढीतले लोक बोटीवर खलाशी म्हणून गेले. वडिलांच्या पिढीतले ड्रायव्हर, फिटर, सुतार, स्टोअरकीपर म्हणून गेले. आता सिव्हिलचा डिप्लोमा किंवा बी.ई. केलेली मुले ‘प्लॅनिंग इंजिनिअर’ होऊन जातात. त्यासाठी ती मुंबई-पुण्यात काही आठवड्यांचा कोर्स करतात आणि प्रिमाव्हेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट शिकतात. बांधकामाचे वेळापत्रक तयार करणारी ही सॉफ्टवेअर. मी स्वतः सिव्हिल इंजिनिअर आहे आणि काही वर्षे आखातात हेच काम केले आहे. त्यामुळे ही मुले मला विचारतात, कोणती आवृत्ती शिकू, कोणत्या सर्टिफिकेटला किंमत आहे?

त्यांना मी उत्तर देतोच. पण या सॉफ्टवेअरच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो कोर्समध्ये शिकवत नाहीत. तो कळला की एक गोष्ट ध्यानात येते. वेळापत्रकाचे गणित १९५० च्या दशकातच सुटले. पुढची प्रगती वेगाची, पडद्याची आणि छपाईची आहे. सुटला नाही तो प्रश्न माणसाचा आहे: त्या गणितात कोणाचे दिवस घालायचे, आणि ते कितपत खरे घालायचे? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

सुलेमानियाच्या वह्या

आकृत्या नव्हत्या, संगणक नव्हता, तेव्हा मोठी बांधकामे कशी चालत? मुस्लिम जगातले एक उदाहरण चांगले नोंदलेले आहे. इस्तंबूलची सुलेमानिया मस्जिद आणि तिच्या भोवतीचे मदरसे, दवाखाना, लंगरखाना हा सारा परिसर १५५० ते १५५७ या काळात मिमार सिनान यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. त्या बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या टिकून आहेत. तुर्की इतिहासकार ओमर लुत्फी बरकान यांनी विसाव्या शतकात त्यांचा अभ्यास दोन खंडांत प्रसिद्ध केला.

त्या वह्यांत दगडफोडे, गवंडी, सुतार, लोहार यांची हजेरी आणि मजुरी आहे. त्यांत मुसलमान कारागीर आहेत आणि ख्रिस्ती कारागीरही मोठ्या संख्येने आहेत. लष्करात भरती होण्याआधीची उमेदवार पोरे आहेत. गॅलीवरचे गुलामही आहेत. तेव्हा तो काळ न्यायाचा होता, असे मी म्हणत नाही. पण त्या वह्यांचे एकक पाहण्यासारखे आहे. तिथे मोजला जातो तो माणसाचा दिवस. अमुक कारागिराने किती दिवस काम केले आणि त्याला किती दिले, हे आधी येते. इमारत त्या दिवसांच्या बेरजेतून उभी राहते.

आजच्या वेळापत्रकाचे एकक ‘अॅक्टिव्हिटी’ आहे. पाया खोदणे, स्टील बांधणे, काँक्रीट ओतणे. माणूस तिथे असतोच, पण त्या कामाला जोडलेला ‘रिसोर्स’ म्हणून. मधल्या चारशे वर्षांत हा बदल कसा झाला, ते पाहू.

गँट यांचा तक्ता

पहिली पायरी कारखान्यात चढली गेली. कारोल अदामिएत्स्की हे पोलिश इंजिनिअर पोलाद लाटण्याच्या कारखान्यांत काम करत. एका यंत्राचे काम संपल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नाही, हे एका नजरेत दाखवण्यासाठी त्यांनी १८९६ च्या सुमारास ‘हार्मोनोग्राम’ नावाची आकृती तयार केली. त्यांचे लिखाण पोलिश आणि रशियन भाषांत राहिले, त्यामुळे पश्चिमेला त्यांचे नाव फारसे पोहोचले नाही. नाव झाले ते हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरचे. आडव्या पट्ट्यांचा जो तक्ता आज प्रत्येक साइट ऑफिसच्या भिंतीवर असतो, त्याला गँट चार्ट म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शस्त्रनिर्मिती आणि जहाजबांधणीसाठी तो वापरला गेला आणि तिथून जगभर पसरला.

गँट १८६१ मध्ये मेरीलँड राज्यात जन्मले. त्यांचे घराणे गुलाम बाळगणारे जमीनदार होते. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर ती संपत्ती आणि ती पद्धत दोन्ही गेली. पुढे गँट यांनी कारखान्यांसाठी ‘टास्क अँड बोनस’ नावाची मजुरीची पद्धत मांडली. रोजचे ठरलेले काम पूर्ण केले तर वर बक्षिसी. यातला ‘टास्क’ हा शब्द दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांना रोज नेमून दिलेल्या कामासाठीही वापरत, आणि कामगारांना तो शब्द का खुपतो याची गँट यांना कल्पना होती. त्यांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या तक्त्यांचा रोख बऱ्याचदा मालकांवर असे. काम मागे पडले की दोष मजुराचा, की वेळेवर माल आणि अवजार न देणाऱ्या व्यवस्थापनाचा, हे तक्त्यातून दिसावे असा त्यांचा आग्रह होता. आजच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक ओळीला ‘टास्क’ म्हणतात. पण उशीर नेमका कोणामुळे झाला, हे तक्त्यावर उघड दिसावे हा आग्रह किती ऑफिसांत राहिला आहे?

१९५७: गणित सुटते

गँट चार्टमध्ये एक उणीव होती. कोणते काम कधी, हे तो दाखवी. एक काम चार दिवस लांबले तर शेवटच्या तारखेवर काय परिणाम होईल, हे त्यावरून सांगता येत नसे. हे कोडे एका रसायन कंपनीत सुटले. ड्यूपाँ कंपनीला आपल्या कारखान्यांची उभारणी आणि दुरुस्ती लवकर करायची होती, आणि युनिव्हॅक हा त्या काळचा महागडा संगणक कोणत्या कामी लावावा याचाही विचार चालू होता. ड्यूपाँचे मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडचे गणिती जेम्स केली यांनी १९५६-५७ मध्ये जी पद्धत बसवली, तिला पुढे ‘क्रिटिकल पाथ मेथड’ हे नाव मिळाले. १९५९ मध्ये त्यांनी ती संगणकांच्या एका परिषदेत मांडली.

ही पद्धत समजायला युनिव्हॅक लागत नाही. गावात घर बांधताना ती रोज दिसते. समजा, स्लॅब पडला. आता आतला गिलावा सुरू करण्यापूर्वी दोन कामे व्हायला हवीत. एकीकडे स्लॅबखालचे टेके चौदा दिवस ठेवायचे आणि ते काढल्यावर सहा दिवसांत आतल्या भिंती उचलायच्या, म्हणजे वीस दिवस. दुसरीकडे खिडक्यांच्या ग्रिल वर्कशॉपमध्ये बारा दिवस आणि बसवायला दोन, म्हणजे चौदा दिवस. गिलावा एकविसाव्या दिवशी सुरू होणार. ग्रिलवाल्याला सहा दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही. या सहा दिवसांना ‘फ्लोट’ म्हणतात. टेक्यांच्या बाजूला मात्र एकही दिवस सवलत नाही. ती साखळी ‘क्रिटिकल’. घरमालक घाईला आला आणि त्याने ग्रिलवाल्याला रात्रपाळीचे जादा पैसे दिले, तर पैसे जातील आणि गिलावा एकविसाव्या दिवशीच सुरू होईल.

चार कामांत हे बोटांवर मोजता येते. चार हजार कामांत येत नाही, आणि तिथे यंत्र लागते. केली आणि वॉकर यांच्या लक्षात आले की काम मागे पडले की मालक सगळ्यांनाच ओव्हरटाइम लावतात, पण शेवटची तारीख ठरवणारी कामे त्यात थोडीच असतात. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल इथल्या ड्यूपाँच्या कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रे सरासरी १२५ तास बंद ठेवावी लागत. या पद्धतीने ती वेळ ७८ तासांवर आली. बांधकामाच्या इतिहासात या गणिताचा क्रम फार वर लावावा लागेल. योग्य जागी जोर लावला तर शेकडो माणसांचा फुकटचा ओव्हरटाइम वाचतो, हे त्याने सिद्ध केले. ही पद्धत मुळात श्रम वाचवणारी आहे, हे नव्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

देखाव्यासाठी वेळापत्रक

त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकन नौदलाने पाणबुडीतून सोडायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत तयार करून घेतली. तिच्यात प्रत्येक कामाला तीन अंदाज असत: सगळे सुरळीत झाले तर किती, साधारणपणे किती, आणि सगळे बिनसले तर किती. कल्पना प्रामाणिक होती, कारण आपल्याला भविष्य नेमके ठाऊक नाही हे ती मान्य करत होती. पोलारिस लवकर तयार झाले आणि श्रेय पर्टला मिळाले. सरकारी कंत्राटांतून तिची सक्ती झाली, पुस्तके निघाली, अभ्यासक्रम निघाले.

पुढे हार्वे सापोल्स्की या अभ्यासकाने पोलारिस प्रकल्पाचा इतिहास लिहिला. १९७२ मध्ये आलेल्या त्या पुस्तकाचा निष्कर्ष वेगळा होता. प्रकल्पावरच्या तंत्रज्ञांनी पर्टवर फारसे काम केले नव्हते. तिचा मोठा उपयोग बाहेरच्या लोकांना दाखवण्यासाठी झाला. संगणक आणि आकृत्या बघून राजकारणी आणि वरिष्ठ प्रभावित होत, प्रश्न विचारत नसत आणि प्रकल्प स्वस्थपणे चालू राही.

म्हणजे वेळापत्रकाचे दोन उपयोग अगदी सुरुवातीपासूनच ठरले. एक, काम चालवण्यासाठी. दुसरा, वरच्यांना दाखवण्यासाठी. आखातात काम करताना मी हे दोन्ही एकाच टेबलावर पाहिले. क्लायंटला जाणारी रंगीत छापील आकृती वेगळी, आणि फोरमन ज्यावर गँग लावतो तो हाताने लिहिलेला आठवड्याचा कागद वेगळा. दोन्हींत मेळ असेल ती साइट नीट चालते.

कागद, कार्ड, काँप्युटर

साध्या कंत्राटदाराला १९६० च्या सुमारास संगणक परवडणारा नव्हता. त्यांची अडचण ओळखून स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन फाँडाल यांनी १९६१ मध्ये संगणकाशिवाय क्रिटिकल पाथ काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक काम एका चौकटीत किंवा वर्तुळात लिहायचे आणि ती रेघांनी जोडायची. मांडणी सोपी होती. पुढे संगणकांनीही तीच उचलली आणि आजच्या सॉफ्टवेअरच्या पोटात तीच आहे. संगणकासाठी तयार झालेली पद्धत संगणक नसलेल्यांसाठी सोपी केली गेली आणि मग ती सोपी पद्धतच संगणकाने घेतली.

पुढची वीस वर्षे मोठ्या प्रकल्पांची वेळापत्रके छिद्रांच्या कार्डांवर आणि मोठ्या यंत्रांवर चालली. मग टेबलावर मावणारा संगणक आला. १९८३ मध्ये जोएल कॉपेलमन आणि डिक फॅरिस यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात प्रिमाव्हेरा ही कंपनी काढली. १९८४ मध्ये मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती आली. २००८ मध्ये ओरॅकलने प्रिमाव्हेरा विकत घेतली. आज आखातातल्या मोठ्या कंत्राटांत वेळापत्रक कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये द्यायचे हे करारातच लिहिलेले असते, आणि बहुतेक वेळा ते प्रिमाव्हेराच असते.

कॅलेंडर नावाची खिडकी

या सॉफ्टवेअरमध्ये माणसाचा दिवस शिरतो तो मुख्यतः एका खिडकीतून. तिचे नाव कॅलेंडर. सॉफ्टवेअर नवीन बसवले की त्यात तयार कॅलेंडर मिळते: सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास. ज्या समाजात ते घडले, त्याचा आठवडा. आखातातल्या साइटवर शुक्रवारची सुट्टी, बाकी सहा दिवस काम. पालिकेचे इन्स्पेक्टर आणि सल्लागारांची कार्यालये वेगळ्या आठवड्यावर. शिवाय हा आठवडाही बदलत राहिला. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी सुट्टी २००६ पर्यंत गुरुवार-शुक्रवार, मग शुक्रवार-शनिवार, आणि २०२२ पासून शनिवार-रविवार झाली. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये गुरुवार-शुक्रवार सोडून शुक्रवार-शनिवार घेतला. काँक्रीटला मात्र सुट्टी नसते. ते ईदच्या दिवशीही घट्ट होत राहते. म्हणून क्युरिंगसाठी सात दिवसांचे कॅलेंडर वेगळे, गवंड्याचे वेगळे, मंजुरीचे वेगळे लावावे लागते. चांगला प्लॅनर इथे ओळखू येतो.

त्यात रमजान येतो. अमिरातीच्या कायद्यात रमजानमध्ये रोजचे कामाचे तास दोनने कमी होतात. सौदीत मुस्लिम कामगारांसाठी सहा तासांची मर्यादा आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पाच-सहा वर्षांच्या प्रकल्पात तो जवळजवळ दोन महिने फिरतो. दुबईच्या बुर्ज खलिफाचे खोदकाम जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले आणि उद्घाटन ४ जानेवारी २०१० रोजी झाले. २००४ चा रमजान ऑक्टोबरच्या मध्यात सुरू झाला होता. २००९ चा ऑगस्टच्या उत्तरार्धात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. दोन्ही महिन्यांचे तास कॅलेंडरमध्ये सारखेच दिसतील. पण ऑक्टोबरातला रोजेदार सेंट्रिंगवाला आणि ऑगस्टमधला रोजेदार सेंट्रिंगवाला, या दोघांचे काम सारखे होईल का?

उन्हाचेही तसेच. अमिरातीत २००५ पासून उन्हाळ्याच्या महिन्यांत भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी आहे. बुर्ज खलिफाचे काँक्रीट उन्हाळ्यात रात्री ओतत आणि त्यात बर्फ घालत, कारण उन्हात ते लवकर घट्ट होऊन तडे जाण्याची भीती होती. काँक्रीटच्या तापमानाची काळजी वेळापत्रकाने पहिल्या दिवसापासून घेतली. माणसाच्या तापमानाची काळजी घ्यायला सरकारी आदेश लागला.

माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. एका प्रकल्पाचे मूळ वेळापत्रक बनवताना मी जुलै-ऑगस्टमध्ये एका गँगचे रोजचे काम हिवाळ्याच्या मानाने कमी धरले होते. वरून निरोप आला, शेवटची तारीख करारात बसत नाही, दर सारखे करा. मी माझे आकडे आणि त्यामागची कारणे लेखी दिली. छापले गेले ते सारखे दर. जुलै आला तेव्हा काम माझ्या जुन्या आकड्यांइतकेच झाले. मग उशीर दिसू लागला आणि तो भरून काढण्यासाठी माणसांना सुट्टीच्या शुक्रवारीही बोलावले गेले. पडद्यावर जो आकडा बदलायला दहा सेकंद लागले होते, त्याची किंमत सहा-सात आठवडे कोणीतरी उन्हात उभे राहून चुकवत होते. त्यांतले बरेच जण आपल्याच भागातले होते.

मार्च २००६ मध्ये बुर्ज खलिफाच्या साइटवर मजुरांचा असंतोष उसळला आणि गाड्यांची, कार्यालयांची मोडतोड झाली. कमी मजुरी हे कारण होतेच. तात्कालिक ठिणगी म्हणून बातम्यांत आले ते असे: पाळी संपल्यावर कॅम्पला नेणाऱ्या बस उशिरा आल्या होत्या. बसची वाट पाहण्यात गेलेली वेळ कोणत्याही वेळापत्रकात नसते. ती ना कामात धरली जाते, ना विश्रांतीत. सुलेमानियाच्या वह्यांत गुलामाच्या दिवसालाही एक रकाना होता.

न हलणारी तारीख

बांधकामाच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, हे आपण गृहीत धरलेले असते. पण एक तारीख अशी आहे की ती कोणताही मंत्री, कोणताही कंत्राटदार पुढे नेऊ शकत नाही. ती हजची. मीना इथल्या जमरातचा पूल याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

शैतानाला खडे मारण्याच्या त्या जागी गर्दी विभागण्यासाठी पहिला पूल १९६३ मध्ये बांधला गेला. हाजींची संख्या वाढत गेली आणि चेंगराचेंगरीच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या. १२ जानेवारी २००६ रोजी पुलाच्या तोंडाशी झालेल्या चेंगराचेंगरीत किमान ३४६ हाजी मरण पावले. त्या हजनंतर लगेच जुना पूल पाडला गेला आणि अनेक मजली नव्या पुलाचे काम सुरू झाले. हिजरी वर्ष लहान असल्यामुळे पुढचा हज त्याच २००६ सालच्या डिसेंबरअखेर येत होता. म्हणजे पाडणे, पाया, खांब आणि वापरण्याजोगे मजले या सगळ्यासाठी वर्षापेक्षा कमी वेळ. हाजी येऊ लागण्यापूर्वी साइट रिकामीही करायची होती. तळमजला आणि पहिला मजला त्या हजपर्यंत तयार झाला आणि तो हज सुरळीत पार पडला. उरलेले मजले पुढच्या दोन हजांच्या मधल्या काळात वर चढत गेले.

या कामाची रचना वेळापत्रकाच्या अंगाने पाहा. हज जवळ आला की काम थांबणार, त्या वेळी जे बांधले असेल ते लाखो माणसांचा भार घ्यायला सुरक्षित हवे, आणि हज संपला की पुन्हा सुरू. नेमका दिवस तर जिलहिज्जाचा चंद्र दिसल्यावर, म्हणजे बकरी ईदच्या दहा दिवस आधी पक्का होणार. एका दिवसाची ही अनिश्चितता गृहीत धरूनच मागे मोजत यावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये अशा न हलणाऱ्या तारखेची सोय आहे. एक टिचकी मारली की तारीख जागच्या जागी बसते आणि मागची सगळी कामे ताणली जातात. पण तीच टिचकी सगळ्यांत जास्त गैरवापरली जाते. उद्घाटनाला पाहुणा ठरला, आर्थिक वर्ष संपत आले, म्हणून साध्या इमारतीची तारीखही हजच्या तारखेसारखी ठोकून बसवतात. जमरातच्या पुलामागे माणसांचे जीव होते. प्रत्येक ठोकलेल्या तारखेमागे तेवढे कारण असते का, हे विचारायला हवे.

वेळापत्रक कोर्टात जाते

गेल्या काही दशकांत या सॉफ्टवेअरला तिसरे काम लागले: पुराव्याचे. उशीर झाला की मालक म्हणतो दंड भरा, कंत्राटदार म्हणतो तुमची ड्रॉइंग उशिरा आली, मुदतवाढ द्या. कोणाच्या उशिरामुळे क्रिटिकल पाथ लांबला, हे वेळापत्रकावरून ठरवतात. ब्रिटनमधल्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने २००२ मध्ये यासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि आखातातल्या वादांतही त्यांचा आधार घेतला जातो. परिणाम असा की काही ठिकाणी वेळापत्रक बांधकामासाठी कमी आणि उद्याच्या भांडणासाठी जास्त लिहिले जाते. फ्लोट लपवायचा, गरज नसलेल्या जोडण्या घालायच्या, प्रगतीचे टक्के वाढवून भरायचे. गणित बिचारे निमूट असते. जे घालाल तेच जोडून, वजा करून परत देते.

आपल्याकडे काय झाले

कोकण रेल्वेचे उदाहरण आपल्या वाचकांच्या दाराशी आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा, सातशे किलोमीटरहून मोठा हा मार्ग पाच वर्षांत पुरा करायचे ठरले होते. पूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. गोव्यात मार्ग कोठून न्यायचा याचा वाद झाला. त्याहून अवघड गेले ते मऊ मातीतले बोगदे. पेडण्याच्या बोगद्यात खणलेली माती पुन्हा पुन्हा खाली बसत होती. अशा कामाला किती दिवस धरायचे, याचे उत्तर जगातल्या कोणत्याही सॉफ्टवेअरकडे नाही. पुढे दिल्ली मेट्रोत श्रीधरन यांनी उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे लावली आणि त्यांची खूप चर्चा झाली. त्यांची वेळेची शिस्त देशाला परिचित आहे. मात्र त्या शिस्तीइतकेच आठवणीत ठेवावे असे एक ठिकाण रत्नागिरीत आहे. कोकण रेल्वे बांधताना जीव गमावलेल्यांसाठी तिथे श्रमशक्ती स्मारक उभारलेले आहे आणि दरवर्षी तिथे फुले वाहिली जातात. डोंगर फोडणारे हे लोक देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले होते.

कोर्सला निघालेल्या मुलांना मला सांगायचे आहे ते थोडेच आहे. सॉफ्टवेअर मन लावून शिका. ते उत्तम हत्यार आहे आणि नीट वापरले तर माणसांचे श्रम वाचवते, लुईव्हिलमध्ये ते दिसलेच आहे. पण कॅलेंडरची खिडकी दुसऱ्यावर सोपवू नका. तिथे रमजानचे तास, उन्हाळ्याच्या दुपारी, आजारपणाचे दिवस खरे भरा. कामाचा वेग ऑफिसात बसून ठरवू नका. मुकादमाला आणि फोरमनला विचारा, तेही उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा. बसत नसलेली तारीख बसवून द्या असे कोणी सांगितले तर आपला आकडा आणि त्याचे कारण लेखी देऊन ठेवा. आपल्याकडे दिलेल्या शब्दाला अमानत म्हणतात. वेळापत्रक हा तसाच शब्द आहे. मालकाला दिलेला असतो, आणि ज्यांच्या दिवसांवर तो उभा आहे त्या मजुरांनाही. त्यांची सही त्यावर नसते, म्हणून त्यांच्या वतीने तुम्हीच नीट मोजायचे आहे.